वाईची बेबी

वडील गेल्यानंतर नवव्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, माझ्या आईच्या छातीत दुखू लागले. घर पाहुण्यांनी भरलेले होते, म्हणून तिने कोणालाही सांगितले नाही. दहाव्याच्या सामानाची यादी गुरुजींना फोनवर वाचून दाखवता दाखवता ती भिंतीला टेकून खाली बसली, आणि तिच्या कपाळावरचा घाम पाहून मी तिचे मनगट हातात घेतले. इसीजी स्पष्टपणे हृदयविकाराच्या झटक्याचा होता. तासाभरात आम्ही रुग्णालयात होतो. अँजिओग्राफी झाली आणि तिन्ही प्रमुख रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. कोठेही अडथळा नाही. इकोमध्ये मात्र डाव्या कप्प्याचे टोक फुग्यासारखे फुगलेले आणि जवळजवळ निश्चल दिसत होते.

या विकाराला ताकोत्सुबो म्हणतात. जपानी कोळी ऑक्टोपस पकडण्यासाठी अरुंद गळ्याचे आणि गोल बुडाचे एक मडके समुद्रात सोडतात, त्याचे हे नाव. १९९० च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले, तेव्हा आजारी हृदयाचा आकार त्यांना त्या मडक्यासारखा वाटला. इतर जग त्याला भग्नहृदय म्हणू लागले, कारण पुष्कळदा तो जिवलग माणसाच्या मृत्यूसारख्या धक्क्यानंतर येतो, आणि रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया असतात, त्याही रजोनिवृत्तीनंतरच्या. तीव्र ताणाच्या वेळी रक्तात उसळणाऱ्या अ‍ॅड्रिनलिनसारख्या संप्रेरकांचा हृदयाच्या स्नायूवर आघात होतो, असे त्याचे कारण मानले जाते. सुदैवाने बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत काम करू लागते. परंतु आरंभीचे दिवस धोक्याचे असतात, आणि झटका आहे की ताकोत्सुबो हे घरी बसून कोणालाही, अगदी डॉक्टर मुलीलाही, सांगता येत नाही. दुःखात असलेल्या माणसाची छाती दुखली की ‘मनाला लागलंय, होईल बरं’ म्हणून थांबू नये, हे सांगण्यासाठी मी हा परिच्छेद लिहिला. बाकी लेख प्रवासाचा आहे.

अतिदक्षता विभागात मी आईला हे सगळे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे माझ्या काळजाचं गाडगं झालं म्हण की.”

सहा आठवड्यांनी इको जवळजवळ पूर्ववत झाला. आई मात्र पूर्ववत झाली नाही. आठ वर्षे तिने वडिलांचा कंपवात सांभाळला होता. त्यांच्या गोळ्या ठरल्या वेळेला द्याव्या लागत. पंधरा मिनिटांचा उशीर झाला तरी त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होत. म्हणून तिच्या मोबाइलवर सकाळी सहा, अकरा, दुपारी चार आणि रात्री नऊ असे चार गजर लावलेले होते. ते गेल्यावरही ते गजर वाजत राहिले. मी एकदा बंद करायला गेले, तर तिने फोन हातातून काढून घेतला. गजर वाजला की ती उठे, पाण्याचा पेला भरी, आणि मग त्या पेल्याकडे पाहत उभी राही.

मी काय केले, तेही प्रामाणिकपणे सांगते. मी रक्त तपासले. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, सोडियम. जे कमी होते ते भरून काढले. तिचे वजन तरीही चार किलोने उतरले. शेजारच्या एका प्रेमळ बाईंनी आपल्या झोपेच्या गोळ्यांतील अर्धी पट्टी तिला देऊ केली. ती मी नम्रपणे परत केली, कारण या वयात अशा गोळ्यांनी झोप येवो न येवो, रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याची शक्यता नक्की वाढते. मनोविकारतज्ज्ञ मैत्रिणीकडेही आईला नेऊन आणले. ती म्हणाली, “औषध लागलं तर देऊ. पण काकूंना आधी विचार तरी, त्यांना काय हवंय ते.” तीस वर्षे वैद्यकी करून हा प्रश्न मला सुचला नव्हता.

विचारल्यावर आई म्हणाली, “कृष्णाबाईचा उत्सव कधी आहे गं यंदा?”

आईचे माहेर वाई. पुण्याहून जेमतेम नव्वद किलोमीटर. पण वडिलांच्या आजारपणात ती तेथे एकदाही राहायला गेली नव्हती. हिवाळा उतरू लागला की वाईत कृष्णा नदीचे उत्सव सुरू होतात. नदीला तेथे कोणी नदी म्हणत नाही, कृष्णाबाई म्हणतात; आणि ही बाई एकेका घाटावर पाहुणी म्हणून काही दिवस मुक्कामाला येते. गावाला सात घाट, प्रत्येक घाटाची आळी वेगळी, तिचा मांडव वेगळा आणि अभिमानही वेगळा. अफजलखान १६५९ साली वाईत तळ देऊन बसला होता. ते संकट टळावे म्हणून कृष्णेला केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा सांगतात. आमची आळी कोणती ते मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर उरलेल्या सहा आळ्या मला पुन्हा गावात शिरू देणार नाहीत.

जायचे ठरताच विरोध सुरू झाला. वर्षश्राद्ध व्हायचे आहे, उत्सवाला कसे जायचे, असे नात्यातल्या दोघी-तिघींनी फोन करून विचारले. परदेशातल्या धाकट्या भावाने हृदयाची काळजी व्यक्त केली. मला स्वतःला घाटाच्या पायऱ्यांची भीती वाटत होती. आई सगळ्यांना एकच उत्तर देई: “मी उत्सवाला नाही, माहेरी चाललेय.” या उत्तरापुढे महाराष्ट्रात कोणाचे काही चालत नाही.

आता थोडे सामानाविषयी, कारण वाचकांपैकी अनेकांना हा प्रसंग येतो. वृद्ध माणसाला प्रवासाला नेताना औषधे मोठ्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावीत, आणि ती दोन दिवसांची जास्त असावीत. गोळ्यांची नावे आणि वेळा यांचा एक कागद, शेवटचा इसीजी आणि रुग्णालयाचा सारांश हे सगळे एका पिशवीत ठेवावे. हे बहुतेक लोक करतात. जे करत नाहीत ते म्हणजे स्वच्छतागृहाचा विचार. आपल्या आया प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणे बंद करतात. विचारले तर ‘तहान नाही’ म्हणतात. खरी गोष्ट अशी की वाटेत कोठे जायचे, तेथे उकिडवे बसता येईल का, उठता येईल का, ही धास्ती त्यांना असते, आणि ती बोलून दाखवायची लाज वाटते. मग रक्तदाब उतरतो, चक्कर येते, लघवीला जळजळ सुरू होते. लघवी जास्त करवणारी गोळी चालू असेल तर ती प्रवासाच्या दिवशी परस्पर बंद करण्याचा मोहही होतो. तसे करू नये, वेळ बदलता येईल का ते आपल्या डॉक्टरांना विचारावे. मी मार्ग काढला तो असा: शिरवळजवळचे एक स्वच्छ उपाहारगृह आधीच ठरवून ठेवले, आणि वाईच्या वाड्यातल्या संडासासाठी घडीची कमोडची खुर्ची बरोबर घेतली.

खुर्ची गाडीच्या डिकीत मावेना. ती मागच्या आसनावर आईच्या शेजारी, पट्टा लावून बसली. सोसायटीच्या रखवालदाराने काच खाली करायला लावून विचारले, “आजींबरोबर हे कोण?” आई म्हणाली, “सोबत आहे.”

खंबाटकीचा घाट चढून उतरेपर्यंत ती डोळे मिटून होती. सुरूरच्या फाट्यावर गाडी महामार्ग सोडून वळली आणि ती सरळ बसली. वडाची जुनी झाडे, उजवीकडे पांडवगडाचा चौकोनी माथा, समोर पसरणीच्या घाटाची पाचगणीकडे चढत गेलेली भिंत. “खिडकी उघड,” ती म्हणाली. बाहेर धूळ होती, ट्रक होते. मी उघडली. चाळीस मिनिटांनी एकदा गाडी थांबवून पाय मोकळे करायचे असा माझा नियम होता. तो येथे मोडला गेला, कारण तिने थांबूच दिले नाही.

वाड्याच्या दारात मामी भाकरतुकडा घेऊन उभी होती. मामीचे वय ब्याऐंशी. तिला ऐकू कमी येते. श्रवणयंत्र आहे, ते कपाटात रेशमी रुमालात, लग्नातल्या नथीशेजारी सुखरूप आहे. तिने आईला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले, तुकडा ओवाळून टाकला आणि मोठ्याने म्हणाली, “काय गं बेबी, किती वाळलीस! हिच्या घरी जेवायला देत नाहीत का?” अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या आईला बेबी म्हणणारे या पृथ्वीवर आता तिघे-चौघेच उरले आहेत, आणि ते सगळे त्या एका गल्लीत राहतात. नंतर गाडीतून खुर्ची उतरली. मामीने तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. “हे सिंहासन कोणाला? आमच्या वाड्यात आजवर असलं काही आलं नाही,” असे म्हणून तिने ती मागच्या पडवीत, जुन्या पाळण्यामागे दृष्टीआड करवली.

दुपारपासून माणसे भेटायला येऊ लागली. गावातले सांत्वन हा एक स्वतंत्र वैद्यकीय शाखेचा विषय आहे. प्रत्येक जण एक सुस्कारा आणि एक उपाय घेऊन येतो. हृदयासाठी अर्जुनसालीचा काढा, लसणीच्या पाकळ्या उपाशीपोटी, दुधीचा रस, आणि एका गृहस्थांच्या मते रोज सकाळी नदीकाठी उलटे चालणे. मी प्रत्येक वेळी सांगे की आईला रक्तदाबाच्या व हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांवर आणखी काढे नकोत, कोणत्या वनस्पतीचा कोणत्या गोळीशी कसा संबंध येईल ते सांगता येत नाही. लोक आदराने ऐकत आणि माझे बोलणे संपल्यावर काढ्याचे प्रमाण सांगत. जेथे विश्वकोशाची कचेरी नांदली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला, त्या गावात ‘मला माहीत नाही’ असे म्हणण्याची रीत नसावी.

काढ्यांचे काही वाटले नाही. एक शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडी होता आणि तो मला खुपत होता. “सुटले बिचारे,” प्रत्येक जण म्हणे. “आठ वर्षं म्हणजे काय! तूही सुटलीस.” दीर्घ आजाराने माणूस गेले की हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, मीही रुग्णांच्या नातेवाइकांना म्हटलेले आहे. सातव्या की आठव्या पाहुण्याने ते म्हटल्यावर आई म्हणाली, “ते सुटले. मला मात्र सकाळी सहाला कामच राहिलं नाही.” पाहुणे गप्प झाले. मामीला अर्धवट ऐकू आले असावे; ती म्हणाली, “काम पाहिजे ना? उद्या सकाळी सहाला पुरणाची डाळ निवडायला बस.”

संध्याकाळी आम्ही घाटावर गेलो. हे मी टाळत होते. कृष्णेचे घाट काळ्या दगडाचे, पायऱ्या उंच आणि शेकडो वर्षांच्या पावलांनी मध्ये झिजलेल्या. उतरताना आधार देणाऱ्याने वृद्ध माणसाच्या मागून नव्हे, एक पायरी खाली राहून, त्याच्या अशक्त बाजूने चालावे. चढताना एक पायरी मागे राहावे. पाऊल एकाआड एक न टाकता दोन्ही पाय एका पायरीवर आणून मग पुढे जावे. ओल्या पायरीवर जाऊच नये, तेथील शेवाळ दिसत नाही. आणि खाली बराच वेळ बसल्यावर एकदम उठू नये, कारण रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उभे राहताच रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी पाय हलवावेत, मग उठावे. हे सगळे मी आईला सांगत होते, तेव्हा ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चौथ्या पायरीवर पोहोचलीही होती. “अगं, मी या पायऱ्यांवर चालायला शिकलेय,” ती म्हणाली. सहाव्या पायरीवर मात्र गुडघ्याने तिला वय सांगितले, आणि आम्ही तेथेच बसलो.

समोर ढोल्या गणपतीचे देऊळ. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेले. पुढून पाहिले तर देऊळ, पण मागच्या भिंतीला माशासारखी निमुळती धार आहे. पूर आला की पाणी त्या धारेवर दुभंगून दोहो बाजूंनी निघून जाते. नदीच्या काठावर बांधायचे, नदी अंगावर येणार हे ठाऊक आहे, तर तिला अडवायचे नाही, वाट काढून द्यायची, असा विचार त्या गवंड्यांनी केला असणार. आईच्या लहानपणी दरवर्षी पूर येई आणि पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले यावरून आळीआळीत वाद होत. वर धोम धरण झाल्यानंतर नदीचा स्वभाव बदलला. त्या संध्याकाळी पाणी संथ होते आणि मांडवाचे दिवे त्यात सरळ दिसत होते. एका बाजूला प्लास्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य अडकलेले होते. तेही दिसत होते. पाहुणी म्हणून मिरवणुकीने आणायचे आणि तिच्याच अंगावर कचरा टाकायचा, हा आदरातिथ्याचा प्रकार मला कधी समजलेला नाही.

काठी टेकत एक गृहस्थ आमच्याकडे आले. निवृत्त शिक्षक, आईचे वर्गमित्र. नमस्कार नाही, सांत्वन नाही. “बेबी, तू मला अठ्ठावन साली या पायरीवरून ढकललं होतंस.”

“सत्तावन साली,” आई म्हणाली. “आणि ही पायरी नव्हे, पलीकडची.”

“माझी पाटी वाहून गेली.”

“तुझ्या पाटीवर होतं काय एवढं वाहून जायला?”

मग वर्ष कोणते, पायरी कोणती, पाणी कोठवर, पाटी दगडाची की पत्र्याची, यावर पाऊण तास वाद चालला. आजूबाजूचे आणखी तिघे त्यात उतरले. गृहस्थ शेवटी उठून पुराव्यासाठी कोपराचा जुना व्रण दाखवू लागले, तो चुकून दुसऱ्याच कोपरावर शोधू लागले, आणि आई हसली. पाच महिन्यांत प्रथमच. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आले, आणि माझा हात सवयीने तिच्या नाडीकडे गेला. तिने तो झटकला. “गाडगं शाबूत आहे,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवात बायकांचे हळदीकुंकू होते. खरे तर माझी सगळी धास्ती याची होती. पायऱ्यांची भीती मी पुढे केली होती, कारण ती बोलून दाखवता येण्याजोगी होती. वाई हे हळदीच्या बाजाराचे गाव. तेथल्या मांडवात हळदीचा वास घुमत असतो. कृष्णाबाईचा मुखवटा फुलांत मांडलेला, समोर ओट्यांच्या खणांचे आणि नारळांचे ढीग. आई दरवर्षी मला या हळदीकुंकवाचे वर्णन सांगे. ती कशी जाणार? गेली तर कोठे बसणार? मी तिला म्हटले, आपण त्या वेळी मेणवलीला जाऊ, नाना फडणविसांचा वाडा पाहू, वसईच्या मोहिमेतून आणलेली ती घंटा पाहू. तिने माझ्याकडे पाहिले आणि साडी बदलायला आत गेली.

आम्ही मांडवात कडेच्या खुर्च्यांवर बसलो. मामी आमच्यामध्ये. मामीही बारा वर्षांपूर्वी एकटी झाली, आणि ती प्रत्येक वर्षी त्याच कडेच्या खुर्चीवर बसते, हे मला त्या दिवशी कळले. एक तरुण सून करंडा घेऊन ओळीने कुंकू लावत येत होती. माझ्यापाशी आली, मला लावले. मग मामीला ओलांडून आईपाशी आली आणि थांबली. तिला ठाऊक नव्हते. आईचे कपाळ पाहून आता ठाऊक झाले. बिचारीचा हात करंड्यात अडकला. पुढे जावे तर अपमान, लावावे तर सासू मागून पाहते आहे. मी काही बोलणार, एवढ्यात आई म्हणाली, “कुंकू राहू दे, बाळ. हळद दे, चांगली बोटभर. गुडघा फार दुखतोय.”

आणि तिने लुगड्याचा घोळ वर करून गुडघा पुढे केला.

क्षणभर कोणालाच काय करावे कळेना. मग त्या मुलीने खाली बसून आईच्या गुडघ्याला हळद लावली. मामीने विचारले, काय चाललेय. तिच्या कानाशी ओरडून सांगावे लागले. “मग मलाही लाव,” मामी म्हणाली, “दोन्ही.” मागच्या ओळीतल्या एका वृद्धेने खांदा पुढे केला. करंड्यातली हळद संपली. सासूबाई स्वतः आत जाऊन डबा घेऊन आल्या. त्यांच्या मनात काय होते ते मला सांगता येणार नाही, पण डबा मोठा होता. गुडघ्याच्या झिजेवर वरून लावलेल्या कोरड्या हळदीचा काही उपयोग होत नाही, हे मला वैद्यकाने शिकवले आहे. मी ते कोणालाही सांगितले नाही.

याच वेळी आईच्या पिशवीतला फोन वाजला. चारचा गजर. सभोवतालच्या बायका तिच्याकडे पाहू लागल्या.

“गोळीची वेळ झाली वाटतं,” कोणी तरी म्हणाले.

“माझी नाही,” आई म्हणाली. “ह्यांची.” आणि तिचा चेहरा पुन्हा त्या पाण्याच्या पेल्याकडे पाहणारा झाला.

मामीला गजर ऐकू आला नव्हता. फोनचा लुकलुकणारा पडदा तिला दिसला. “चार वाजले?” ती म्हणाली. “मग चहा घेऊ, चल.” तिने आईचा दंड धरून उठवले. सावकाश उठा, असे मी सांगेपर्यंत दोघी मांडवाबाहेर पडल्याही होत्या, हळदीच्या गुडघ्यांनी, एकमेकींचा आधार घेत, आणि कोण कोणाला सांभाळते आहे ते मागून कळत नव्हते.

रात्री आमटी-भाताच्या पंक्तीत आईने दोनदा भात मागून घेतला. मी मोजले, सवय जात नाही. झोपताना तिने सांगितले की ती महिनाभर येथेच राहणार आहे.

ही रात्र मला नीट झोप लागली नाही. हृदयाचा तज्ज्ञ गाठायचा तर सातारा, पस्तीस किलोमीटर. वाड्यात एक जिना, दोन उंबरे, संडास अंगणापलीकडे, आणि सोबतीला ऐकू न येणारी ब्याऐंशी वर्षांची वहिनी. माझ्या रुग्णाच्या मुलीने असा बेत सांगितला असता तर मी तिला नको म्हटले असते. पण माझ्या घरी, लिफ्ट आणि कमोड आणि ऑक्सिमीटर असलेल्या घरी, ती चार किलो उतरली होती, हेही खरे होते. आणि आणखी एक गोष्ट मी अंधारात कबूल केली: ती येथे राहिली तर मला माझ्या वडिलांसाठी रडायला एकटे घर मिळणार होते. पाच महिने मी तिची डॉक्टर होते. त्यांची मुलगी व्हायला सवड झाली नव्हती.

सकाळी सहाला गजर वाजला. मी खाली गेले तेव्हा दोघी चुलीपाशी परात घेऊन डाळ निवडत बसल्या होत्या.

निघण्यापूर्वी मी व्यवस्था लावली. आठवड्याच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी भरली. गावातल्या एका फिजिशियन मित्राला तिचे कागद दाखवले आणि आठवड्यातून एकदा तपासायचे त्याने कबूल केले. छातीत दुखणे, धाप, घेरी किंवा पायांवर सूज, यांपैकी काहीही झाले तर आधी रुग्णवाहिकेसाठी १०८, मग मला फोन, हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवला. जिन्याला दोरी बांधली, अंगणात रात्रीचा दिवा लावून घेतला. मामीला श्रवणयंत्र घालायला लावणे तेवढे जमले नाही. आईचा आवाज तिला यंत्राशिवाय ऐकू येतो, असे तिचे म्हणणे. आणि पाळण्यामागची ती खुर्ची काढून आईच्या खोलीत ठेवली. मामीने नाक मुरडले.

परतताना मागचे आसन रिकामे होते. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर आल्यावर मी रस्त्याकडेला गाडी थांबवली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. वडिलांचा चष्मा अजून गाडीच्या कप्प्यात होता.

चौथ्या दिवशी, दुपारी चारला, दवाखान्यात गर्दी असताना आईचा फोन आला. माझ्या पोटात गोळा उठला.

“ऐक,” ती म्हणाली, “तुझ्या मामीनं परवा नुसतं बसून बघते म्हणून बघितलं. आता ती त्या खुर्चीवरून उठत नाही. सकाळी मला अंगणात थांबावं लागतं. आणखी एक पाठव. आणि चहा उकळतोय, ठेवते.”